आमच्या घरचं एकशेऐंशी

४ जून

आई,

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून यापुढे पत्रानेच बोलायचं हा तुझा ठराव मला मान्य आहे. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येत नाही.

आधी कामाचं. माझ्या घरमालकीणबाईंच्या अंगणात आलुबुखाराचं झाड आहे. यंदा ते फांद्या वाकेपर्यंत लगडलंय आणि बाईंना आंबट सोसत नाही. त्यामुळे त्या बादली भरून माझ्या दाराशी ठेवतात आणि वर ऐकवतात, "खा गं, वाळून काडी झालीस." मी खाल्ले. लॅबमध्ये वाटले. मुरंबा केला. त्याचा डिंक झाला, त्याबद्दल मला काही विचारू नकोस. तरी बादली भरलेली ती भरलेलीच. तेव्हा मला खडबड्याची कृती हवी आहे. दुकानात याला कॉबलर म्हणतात हे मला आता कळलं. खाली फळं, वर पिठाचे ओबडधोबड गोळे, भाजून निघाला की खडी टाकलेल्या रस्त्यासारखा दिसतो. बाबांनी ठेवलेलं नावच जास्त बरोबर आहे.

कृती मापासकट पाठव. 'अंदाजे' हा शब्द वापरू नकोस. तापमापक आणि तराजू खरं बोलतात की नाही हे तपासायचे मला पैसे मिळतात. त्या शब्दाने माझ्या अंगावर पुरळ उठतं.

बाकी ठीक. लॅबमधलं तापमान बारा महिने वीस अंशांवर ठेवतात, म्हणून बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना मी आत स्वेटर घालून बसते. बाईंना हे पटत नाही. त्यांना वाटतं मला बारीक ताप असतो.

आता तुझ्या पत्राच्या शेवटाबद्दल. या उन्हाळ्यात तू ये, असं मी लिहिलं होतं. 'तू' असंच लिहिलं होतं. त्यावर तुझं उत्तर: 'येऊ तर दोघं येऊ, नाहीतर मीही येणार नाही.' ठीक आहे. तुझ्या लग्नाला मी आले नाही कारण आमच्याकडे ऑडिट होतं. ऑडिट खरंच होतं. मी रागावलेली नाही. पण इथे खोली एक आहे, पलंग एक आहे, आणि ज्या गृहस्थांना मी फक्त फोटोत पाहिलंय त्यांना सकाळी माझ्या बेसिनशी दाढी करताना बघायची माझी तयारी नाही. बाबा गेल्यावर, छप्पन्नाव्या वर्षी तू गाडी चालवायला शिकायला गेलीस तेव्हा मी सगळ्या लॅबला अभिमानाने सांगितलं होतं. शिकवणाऱ्यालाच घरी घेऊन येशील, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

आणखी एक. तुझ्या पत्रात 'हे म्हणाले', 'ह्यांना आवडलं' असं येतं. मी प्रत्येक वेळी आधी बाबाच समजते आणि मग परत मागे जाऊन वाचते. वेळ जातो.

तू एकटी ये. पलंग तुला देईन, मी खाली झोपेन. आणि कृती पाठव.

तुझी लेक


१७ जून

आई,

कृती मिळाली. 'मैदा दोन मुठी, लोणी बोटांना लागेल तेवढं, दूध पीठ मागेल तितकं.' माझं पीठ काही मागत नाही, आई. मी थांबून पाहिलं.

शेवटी माझी मूठ तराजूवर रिकामी केली, तुझी मूठ माझ्यापेक्षा लहान म्हणून त्यातून थोडं वजा केलं, आणि ग्रॅममध्ये कृती नव्याने लिहिली. तुझ्या अख्ख्या पानात एकच नेमका आकडा होता: ओव्हन एकशेऐंशीवर, अर्धा तास. तो पाहून मला इतकं बरं वाटलं की मी त्याखाली रेघ ओढली.

समासात निळ्या शाईत दुसऱ्याच कोणाचं तरी अक्षर होतं. 'आपण ओव्हन आधी पुरेसा तापू द्यावा. गाडीही थंड इंजिनावर चढ चढायला कुरकुरते. आपला,' आणि पुढे काहीच नाही. 'आपला' कोण, हे लिहायला सुचलं नसावं. अक्षर बरं आहे. पण आपल्या पत्रात तिसऱ्या माणसाने समासातून डोकावावं हे मला विचित्र वाटलं, एवढंच नोंदवते.

ओव्हन तापू दिला होता. मला ते माहीत आहे.

पहिला खडबड्या फसला. फळं चिरून, साखर आणि लिंबू लावून खाली पसरली, वर गोळे टाकले, एकशेऐंशी, अर्धा तास. बाहेर काढला तेव्हा गोळे पांढरेफटक आणि खालून चिकट कणीक. बाईंनी त्यात बोट खुपसलं.

"वरून रुसलेला, आतून कच्चा," त्या म्हणाल्या. "थेट आमच्या धाकट्या जावयासारखा."

दुसरा जास्त वेळ ठेवला. तोवर फळं आटून त्यांची वडी पडेल अशी अवस्था झाली आणि गोळे असे वाळले की बाईंनी त्यातला एक नेऊन मागच्या दाराला अडकण म्हणून लावला. तो अजून तिथेच आहे. दार हलत नाही.

"अगं मेले, मग आच वाढव की!" बाई म्हणाल्या.

"कृतीत एकशेऐंशी आहे."

"कृती काय आकाशातून पडली?"

"चूक कुठे आहे ते कळल्याशिवाय मी काही बदलत नाही."

"अशाने तुझं लग्न कसं व्हायचं?" त्या म्हणाल्या. दोन गोष्टींचा संबंध मला लागला नाही, पण त्यांना लागला असावा, कारण त्या बराच वेळ मान हलवत होत्या.

मग मी लॅबमधून तपासलेला सेन्सर आणून माझा ओव्हन मोजला. ओव्हन खरं बोलतो. बटण एकशेऐंशीवर असलं की आत एकशेऐंशीच असतं, फार तर दोन अंश इकडेतिकडे. म्हणजे गडबड तुझ्या कृतीत आहे, किंवा तुमच्या ओव्हनमध्ये. कृतीत असेल असं मला वाटत नाही, कारण हाच खडबड्या मी लहानपणापासून खाल्लाय आणि तो कधीच कच्चा नव्हता.

सोबतच्या पार्सलमध्ये एक तापमापक आहे. जाळीच्या मधोमध उभा कर, बटण नेहमीच्या एकशेऐंशीवर लाव, काटा स्थिर झाला की वाच. काचेतून वाचायचं. दार उघडायचं नाही. पुन्हा लिहिते: दार उघडायचं नाही.

येण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मीही लिहीत नाही.

तुझी लेक


६ जुलै

आई,

तुझं पत्र मी लॅबमध्ये उघडलं ही चूक झाली. आमच्या खोलीत मोठ्याने हसायला मनाई नाही, पण आजवर कोणी हसलेलंच नव्हतं, त्यामुळे प्रमुख बाई काय फुटलं ते बघायला आत आल्या. त्यांना तो भाग वाचून दाखवावा लागला. त्या आपणहून म्हणाल्या, पुढचंही वाच.

म्हणजे झालं ते असं ना? आधी त्या गृहस्थांनी दार उघडून आकडा वाचला. तू ओरडलीस, "अहो, दार उघडायचं नाही असं दोनदा लिहिलंय तिने!" ते म्हणाले, "मग बघू कुठून? काच आहे की तवा?" काच काळी पडलीय हे मान्य. खालच्या कोपऱ्यात तेवढी एक तळहाताएवढी जागा स्वच्छ उरलीय, आणि तिथून बघायचं तर जमिनीवर पालथं पडायला हवं. ते पडले. हातात टॉर्च घेऊन. काटा स्थिर होईपर्यंत पडून राहिले. आकडा वाचला, तुला सांगितला, आणि मग त्यांना उठता येईना.

"उठा आता."

"उठतोय. सध्या न्यूट्रलमध्ये आहे."

शेजारणीला हाक मारावी लागली, हे तू लिहिलंस. ती आली तेव्हा तो माणूस ओव्हनपुढे साष्टांग पडलेला आणि तू हातात पेन घेऊन उभी, हे पाहून तिने काय समजायचं? आणि एवढं होऊन, एकदा मोजलेलं धरत नाहीत असं म्हणत ते दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले. ते बरोबर आहे. एकदा मोजलेलं धरत नाहीतच. हे त्यांना कोणी सांगितलं?

तर आकडा. दोन्ही वेळा दोनशे पंधरा.

मी तो वाचून खुर्चीत मागे टेकले. एकशेऐंशी म्हणत आपण सगळे आयुष्यभर दोनशे पंधरावर भाजत आलोय. मग तू लिहिलेलं बटणाचं आठवलं. मूळचं बटण तुटलं तेव्हा बाबांनी कुठल्याशा जुन्या पंख्याचं बटण आणून चिकटवलं, आणि खूण म्हणून त्यावर तुझ्या नेलपॉलिशने लाल रेघ ओढली. मला ती रेघ चांगली माहीत आहे. मला वाटायचं ओव्हन असेच येतात. बाबांनी ती कुठे ओढायची ते कसं ठरवलं असेल, हे मी सांगू शकते, पण तो शब्द मी तुला लिहायला बंदी केली आहे.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगभरचे तापमापक तपासून शिक्का मारणारी मी, वाढले ती पस्तीस अंश चुकणाऱ्या ओव्हनशेजारी.

आणि एक विचार माझ्या डोक्यातून जात नाहीये. तू सगळ्या गल्लीला कृती वाटत आलीस. त्या बायकांनी एकशेऐंशीवर भाजलं असणार. सगळ्यांचं फसलं असणार. आणि वर्षानुवर्षं त्या तुला म्हणत आल्या, "तुमच्या हाताची चव आमच्या हाताला नाही." तू लाजून हसायचीस. आई, ती हाताची चव नव्हती. ती पस्तीस अंशांची होती. त्या बायकांना कळव. नाहीतर नको कळवू. आता या वयात त्यांचं मन कशाला मोडायचं, आणि तुझंही.

तिसरा खडबड्या दोनशे पंधरावर केला. अर्धा तास. कडेकडेने जांभळा रस उकळून वर आला, गोळे फुगून एकमेकांना भिडले, वर तांबूस कड धरली. खोलीभर तो वास सुटला आणि मी उगाचच मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मी ताटली घेतली नाही, उभ्यानेच चमच्याने भांड्यातून खाल्ला. जीभ भाजली. बाईंनी आंबट सोसत नाही म्हणत म्हणत दोन वेळा घेतला आणि उरलेला 'जावयाला दाखवायला' घेऊन गेल्या.

आता तुझ्या पत्राच्या मागच्या पानाबद्दल. ते मी लॅबमध्ये मोठ्याने वाचलं नाही.

तू लिहितेस: 'मी म्हटलं, चूक कळलीय तर आता बटण काढून नीट बसवून टाका. हे स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. बटणाकडे बघत बसले. मग उठून स्क्रूड्रायव्हर परत ठेवून आले. म्हणाले, हे त्यांनी बसवलंय. लेकीला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. मी म्हटलं, अहो, ओव्हन माझा आहे! तर म्हणाले, ओव्हन तुझा, बटण तिचं.'

हे वाचून मी पत्राची घडी केली आणि भांडी घासली. भांडी आधीच घासलेली होती.

त्यांना सांग, बटण आहे तसं राहू द्या. आमच्या कामात असं प्रत्येक यंत्र फेकून देत नाहीत. किती चुकतंय हे माहीत असलं की त्याच्यावर विसंबून काम करता येतं. तेवढा आकडा लक्षात ठेवायचा, बस. तो आता तुम्हा दोघांनाही माहीत आहे.

विचारलं हे बरं केलं, असंही सांग. नाहीतर असं कर, हा कागदच त्यांना वाचायला दे. आणि त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळव. औषधाच्या दुकानात लाल झाकणाचं मलम मिळतं, ते चांगलं असतं. मी लॅबमध्ये दिवसभर उभी असते म्हणून मला माहीत आहे. 

तुझी लेक


१५ जुलै

आई आणि काका,

'काका' लिहून पाहिलं. बरं दिसतंय. तुम्हाला पसंत नसेल तर सांगा, दुसरं काही शोधू.

हा शब्द माझा नाही, बाईंनी माझ्याकडून काढून घेतला. परवा त्यांना सांगितलं, माझ्याकडे पाहुणे यायचेत, तुमची शिडी लागेल.

"कोण येणार?"

"आई. आणि..."

"आणि कोण? भूत?"

"आणि काका."

"मग असं सांग ना सरळ," म्हणाल्या. "मला वाटलं बॉस येतोय तुझा." आणि शिडी आणायला गेल्या. इतकं सोपं होतं.

तेव्हा दोघं या. या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी रजा काढली आहे. ऑडिट आहे, ते पुढे ढकललं आहे. प्रमुख बाईंनी कारण विचारलं, मी सांगितलं, ओव्हनसमोर पडलेले ते गृहस्थ येणार आहेत. त्यांनी लगेच सही केली. त्यांना तुम्हाला भेटायचं आहे, काका. दार न उघडता आकडा वाचणारी माणसं आमच्याकडे पगार देऊनही मिळत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

घडीचा पलंग आणला आहे. मोजूनच आणला, खोलीत व्यवस्थित मावतो. फक्त तो उघडला की कपाटाचं दार उघडत नाही, म्हणून कपाटातलं लागणारं सगळं मी बाहेर काढून ठेवलंय. मोठा पलंग तुम्हा दोघांचा. आई, 'तू कशाला खाली', 'मी कशाला वर' असं करायचं नाही. ठरलंय ते ठरलंय.

झाडावर आता शेंड्यालाच फळं उरली आहेत. बाई म्हणाल्या, पाडून टाकू का? मी म्हटलं, राहू देत. माझा हात तिथवर पोचत नाही, शिडीवरूनही. काका, तुम्ही उंच आहात. गुडघ्यांचं काय म्हणणं आहे ते बघून ठरवू. शिडी मी धरीन. एक मोठा खडबड्या सहज होईल. पीठ आई मळेल, तिच्या मुठीने. मी शेजारी तराजू घेऊन उभी राहीन आणि काही बोलणार नाही. म्हणजे तसा प्रयत्न करीन.

आणि मला 'आपण' नका म्हणू. मी दचकते. तू म्हणा.

आता रस्ता. आई, तूच चालव. महामार्ग सोडलास की उजवीकडे पाण्याची टाकी लागेल, तिथून आमची गल्ली. गल्ली म्हणजे उभा चढ आहे, आणि बरोबर मधोमध किराणावाल्याचा टेम्पो आडवा उभा असतो. तिथे तुला थांबावं लागेल आणि चढावरच गाडी पुन्हा काढावी लागेल. हँडब्रेक लाव, घाबरू नकोस, मागून हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू दे. काका, तुम्ही शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबता असं आईने लिहिलंय. दाबा. फक्त तोंडाने काही बोलू नका, तिला जमतं. टेम्पोवाल्याला मी सांगून ठेवलंय, माझी आई येतेय, तिला रस्ता दे. तो म्हणाला, "आई स्वतः चालवत येणार?" मी म्हटलं, "हो. तिला शिकवणाराही सोबत आहे." हे मी त्याच सुरात म्हटलं ज्या सुरात पूर्वी तू गाडी शिकतेस हे लॅबमध्ये सांगितलं होतं.

मी फाटकाशी उभी असेन. आई, तुला गाडी भिंतीला चिकटवून लावायची सवय आहे आणि मग काकांना तुझ्याच बाजूने सरकत उतरावं लागतं, हे मला तुझ्या शेजारणीकडून कळलंय. इथे तसं करू नकोस. फाटकाच्या आत भरपूर जागा आहे. दोन्ही बाजूंची दारं पुरती उघडतील अशी मधोमध लाव.

तुमची लेक